मीरा-सलीमा फल्ली बटर, मूल

मूल, ८ डिसेंबर २०२४

मीराबाई,

सलाम आणि जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पंचवीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. आपल्या दोन अंगणांच्या मध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीला आपणच पाडलेलं एक भोक आहे, सगळं बोलणं त्यातून व्हायचं. आता तुम्ही धानोऱ्याला लेकाच्या, कुलदीपच्या शाळेच्या क्वार्टरमध्ये आणि मी इथे. सूनबाई साक्षीचं बाळंतपण नीट झालं, तुम्हाला नात झाली, हे मला बाजारात कांदे घेताना तिसऱ्याच बाईकडून कळलं. आनंद झाला. तुमच्याकडून कळलं असतं तर जास्त झाला असता, पण ते जाऊ द्या.

कामाचं लिहिते. आपल्या फल्ली बटरला चंद्रपूरहून मोठी ऑर्डर आली आहे. प्रफुल्ल नावाचा मुलगा आहे, त्याची तिथे जिम आहे, आपल्या फल्ली बटरला तो पीनट बटर म्हणतो. त्याला साठ बरण्या हव्यात, १५ जानेवारीच्या आत. तो स्वतः मोटरसायकलवर मूलला आला होता. दंड असे की आमच्या दारातून आडवा होऊन आत आला. म्हणाला, "काकू, गूळ नका टाकू, साखर नका टाकू, तेलबी वरून नका टाकू." मी म्हटलं, "मग तुमी पोरं जगता कशावर?" तर म्हणतो, "अंड्यावर."

साठ बरण्या म्हणजे दोन वर्षांत आपण एका वेळी कधी केल्या नाहीत. हे जमलं तर दर महिन्याची ऑर्डर पक्की. नाही जमलं तर आपण पुन्हा आपल्या गल्लीपुरत्या. म्हणून एक छोटीशी गोष्ट विचारायची होती. रेतीत दाणे टाकल्यावर ते तुम्ही किती मिनिटं ठेवता? मला अंदाज आहेच, तरी खात्री केलेली बरी. एका ओळीत कळवलं तरी चालेल.

राहिलं त्या दिवशीचं. बचत गटाच्या मेळाव्यात गर्दी होती, सकाळपासून उभं राहून माझं डोकं दुखत होतं. माणूस बोलून जातो. आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांसमोर बरणी उघडून "दाना करपला, हे विकू नको" असं तुम्हीही म्हणायला नको होतं. पण मी ते मनात ठेवलेलं नाही. तुम्हीही ठेवू नका.

मिनिटं कळवा.

आपली,
सलीमा रईस शेख


मूल, १७ डिसेंबर २०२४

मीराबाई,

उत्तर आलं नाही. मी पोस्टमनला दोनदा रस्त्यात अडवलं. आता तो आमच्या गल्लीत यायचं असलं की आधी डोकावून बघतो.

इकडे काम जोरात आहे. उमेराने कॉलेजातून आल्यावर मोबाईलवर घड्याळ लावून दिलं आणि मी अकरा मिनिटांचा घाणा काढला. कच्चा निघाला. मिक्सरमध्ये फिरवला तर बटर होईचना, नुसता ओला भुगा. मग सोळा मिनिटांचा काढला. तो चुलीवरून उतरवला तेव्हा दिसायला सुरेख होता. दुपारी बघितलं तर आतून काळा. उमेरा म्हणाली, "मम्मी, तुले समजलं काऊन नाई? गल्लीभर वास सुटला होता." मी म्हटलं, "मी आतल्या खोलीत होती." मी आतल्या खोलीत नव्हते, पण तिला कशाला सांगायचं.

आमचे नूर मोहम्मद साहेब मात्र खूश आहेत. सासरे असले तरी मी आता त्यांना साहेबच म्हणते, कारण बिघडलेला सगळा माल तेच संपवतात. कच्चा असो की करपलेला, पोळीला लावून खातात आणि म्हणतात, "बढिया बनलं, बेटा." चाळीस वर्षं ज्यांनी मुरमुऱ्या-फुटाण्याची भट्टी चालवली त्यांच्याकडून खरी तारीफ आली की खोटी, काही कळत नाही. परवा एक गंमत झाली. त्यांनी एक लहानशी बाटली माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "फार छान अत्तर आहे, अब्बा. गुलाबाचं ना?" त्यांनी पायजमा वर ओढून गुडघा पुढे केला. ते त्यांच्या गुडघ्याचं तेल होतं. घरात दोन दिवस सगळे हसत होते, मीही हसले.

उमेरा नवी लेबलं छापायला देणार आहे. तिने विचारलं, "मीराबाईचं नाव ठेवायचं का काढायचं?" मी म्हटलं, जसं आहे तसंच छाप. मीरा आधी, सलीमा मागून.

आणखी एक. मेळाव्यात विकलेल्या बरण्यांपैकी अकरा परत आल्या. गेल्या पत्रात ते लिहायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं, लिहिलं नाही. तुम्ही बरोबर होता, दाणा करपलाच होता. झालं? आता तरी मिनिटं सांगा. २९ दिवस उरलेत आणि माझ्याकडे विकण्यासारखी एक बरणी नाही.

नातीचं नाव काय ठेवलं?

सलीमा


मूल, २६ डिसेंबर २०२४

मीराबाई,

आज दुपारी घरी कोणी नाही. रईस शिलाईच्या दुकानात, उमेरा कॉलेजात आणि साहेब उन्हात खाट टाकून झोपलेत. आता नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

मला वास येत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला होता ना, तेव्हा गेला. सगळ्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी परत आला, माझा आलाच नाही. साडेतीन वर्षं झाली. आधी वाटलं आज येईल, उद्या येईल. मग सांगायला उशीर झाला. भट्टीवाल्यांची सून, दाणे भाजून पोट भरणाऱ्यांचं घर, आणि सुनेला वास येत नाही हे कोणाला सांगायचं? दूध उतू गेलं की मी विसरभोळी. भाजी लागली की माझं लक्ष नव्हतं. उमेराच्या अभ्यासाच्या टेबलावर मोगरा ठेवला होता, मी जवळ जाऊन म्हटलं, काय सुंदर वास आहे. ती म्हणाली, मम्मी, हा प्लास्टिकचा आहे. असं सगळं.

मग आपण फल्ली बटर सुरू केलं. तुम्ही कढईपाशी बसायच्या, उलथणं फिरवायच्या, आणि मी मिक्सर लावून तुमच्यासमोर. सगळा महिला गट म्हणायचा की सलीमाचा अंदाज पक्का आहे, बरोबर वेळेला "उतरवा" म्हणते. आज सांगते तो अंदाज काय होता. दाणा व्हायला आला की तुमच्या नाकपुड्या हलायच्या. मी दाण्याकडे बघतच नव्हते, बाई. मी तुमच्या नाकाकडे बघत होते. नाक हललं की मी तुमच्या आधी म्हणायची, "उतरवा". दोन वर्षं मी तुमच्या नाकावर नाव कमावलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला ताप होता. तुम्ही निरोप पाठवला की उद्या सकाळी लवकर येते, दोघी मिळून भाजू. मी ऐकलं नाही. मला वाटलं, दोन वर्षं बघून आता मला येत असेल. एकटीने सगळा घाणा भाजला. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगात ताप असताना आलात, बरणी उघडली, बोट बुडवून चाटलं आणि म्हणालात की दाणा करपला. त्या क्षणी मला वाटलं की आता सगळ्यांना कळलं. दाण्याचं नाही, माझं. म्हणून मी ते बोलले.

काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण दीड महिना मी ते "बोलून गेले" एवढ्यावरच ठेवलं आहे. मी म्हटलं, "बाई, तुमाले आता चव राह्यली नाई. म्हातारपणी घरी बसत जा." आठ-दहा बायका ऐकत होत्या. तुम्ही अ‍ॅप्रन सोडला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेलात. आठ दिवसांनी धानोऱ्याला गेलात, आणि भिंतीच्या भोकातून निरोपसुद्धा घेतला नाही.

माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला माफ करा.

मिनिटं सांगू नका. मिनिटांनी काही होत नाही हे मला कळलं आहे. प्रफुल्लला एक तारखेला फोन करून जमणार नाही म्हणून सांगणार आहे. हे वाचून झाल्यावर तुम्ही ठेवलं काय आणि फाडलं काय, पण वाचा एवढंच.

सलीमा


मूल, ४ जानेवारी २०२५

मीराबाई,

तुमचं पत्र काल आलं. पोस्टमनने पाकीट उंच धरून लांबूनच दाखवलं. अक्षर साक्षीचं आहे, पण प्रत्येक शब्द तुमच्या तोंडचा आहे, वाचताना तुमचा आवाज ऐकू येत होता.

आधी मी ते एकटीने वाचलं. मग उमेराला आणि साहेबांना अंगणात बसवून माझं सगळं सांगितलं आणि तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. उमेरा रडली, मग चिडली, मग म्हणाली, "म्हणजे मी कॉलेजातून आली की तू रोज म्हनते, ‘कोनतं सेंट लावलं, मस्त आहे’, ते बी खोटं?" मी म्हटलं, ते बी खोटं. एक तुकडा त्या दोघांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तुम्ही लिहिलं आहे:

"तुले वास येत नाई हे मले तवापासून माहीत आहे. तू माह्या घरी आली होती, चुलीवर दूध करपून राह्यलं होतं, अन् तू त्याच्याच बाजूले बसून म्हनते, बाई, दूध तापलं असंल तं चहा ठेवा. मी तवाच समजली. तू सांगत नाई म्हनून मी विचारलं नाई. ज्याचं त्यानं सांगाव. नाक मी मुद्दाम हालवत होती. तुले दिसाव म्हनून. नाईतं मानसाचं नाक कधी एवढं हालते का, वेडे?"

तिसऱ्यांदा वाचताना माझ्याने पुढे वाचवलं नाही, उमेराने वाचलं.

दोन वर्षं, बाई. दोन वर्षं तुम्ही कढईसमोर बसून नाक हलवत राहिलात आणि मी समजत होते की मी तुम्हाला फसवते आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. तुम्ही विचारलं की रेतीतून चाळल्यावर दाणे कुठे ठेवले होते. पोत्यात. हे वाचल्याबरोबर साहेब खाटेवर ताठ बसले. आमच्याकडे भट्टीतून निघालेले मुरमुरे गरम असतानाच पोत्यात भरून तोंड बांधतात, नाहीतर हवा लागून ते मऊ पडतात. चाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी मी एकटी आहे म्हणून ते मदतीला आले आणि दाण्याचं पोतंही त्यांनीच आवळून बांधलं. दाणा उतरवला तेव्हा बरोबर होता, पोत्यातल्या पोत्यात शिजत राहिला आणि आतून करपला. मागच्या महिन्यातल्या सोळा मिनिटांच्या घाण्याचंही तेच झालं होतं. तुम्ही दरवेळी चादरीवर पातळ पसरायच्या आणि सुपाने वारा घालायच्या, मला वाटायचं ते साल उडवायला आहे.

साहेबांनी सांगितलं आहे की त्यांचं म्हणणंही पत्रात लिही. लिहिते: "मीराबाई, पोतं मी बांधलं होतं. सजा मले द्या, पोरीले नका देऊ."

तुमची अट वाचली. "माफी पत्रात नको मागू. चार लोकांत बोलली, चार लोकांतच वापस घे. मग पाहू." दोनदा वाचली. भीती वाटते. प्रफुल्लला नाही म्हणायचा फोन मी अजून केलेला नाही, रोज उद्यावर ढकलत होते. आता करणार नाही.

सलीमा

ता. क. तुमच्या पत्रातली रीत करून पाहिली. कढईतून एक दाणा चमच्याने काढायचा, फुंकर घालायची, दोन बोटांत चोळायचा. साल आपोआप सुटली, आणि दाणा फोडल्यावर आतून गव्हाच्या रंगाचा निघाला, की उतरवायचं. नाकाचं कामच नाही. मग हे तुम्ही दोन वर्षांत मला का नाही शिकवलं? की तुम्हालाही नाक हलवायची सवय लागली होती?


मूल, १६ जानेवारी २०२५

मीराबाई,

अट पुरी केली. कशी केली ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

अकरा तारखेला संक्रांतीच्या निमित्ताने बचत गटाची विक्री होती, त्याच सभागृहात, आणि आपलं टेबल त्याच कोपऱ्यात. गटाच्या अध्यक्ष नंदिनीताई माईकवर बक्षिसाचे नंबर सांगत होत्या. मी गेले आणि म्हटलं, दोन मिनिटं माईक द्या. त्यांना वाटलं माझी बरणी हरवली.

मी घरून चार ओळी लिहून नेल्या होत्या, पण चष्मा टेबलावर राहिला. मग आलं तसं बोलले. म्हटलं, "बायांनो, नोव्हेंबरात याच टेबलावर मी मीराबाईले म्हटलं होतं, तुमाले चव राह्यली नाई, घरी बसा. तुमच्यापैकी बऱ्याच जनी होत्या. बाई खऱ्या होत्या, दाना करपला होता. चव त्यांची नाई गेली. वास माह्या नाकाचा गेला आहे, कोरोनापासून. मी ते लपवलं, अन् लपवाले त्यांचा अपमान केला. मी माह्ये शब्द वापस घेते."

मला वाटलं आता आपलं टेबल उचलावं लागणार. समोरच्या रांगेतून एकीने विचारलं, "मंग आजचं बटर कोनं भाजलं?" मी म्हटलं, मीच. म्हणाली, "आन इकडे, पाहू दे." उमेराने बरणी उघडून सगळ्यांना चमचा-चमचा दिलं. ती बाई बराच वेळ तोंडात घोळवत होती. तेवढ्या वेळात माझा जीव अर्धा झाला. मग म्हणाली, "चांगलं आहे. मीठ थोडं पाह्यजे." बाई, ते मीठ तुम्हीही दरवेळी मागायच्या.

खरी गंमत पुढे. नंदिनीताई माईक परत घेऊन बक्षिसं सांगणार, तर तसाच माईक हातात धरून म्हणाल्या, "माहाबी गेला होता. आला तो अर्धाच. अगरबत्ती येते, गॅस नाई येत." झालं. चार-पाच टेबलांवरून बायका बोलायला लागल्या. कोणाला कॉफी येते पण लसूण येत नाही, कोणाला सगळंच साबणासारखं येतं. अर्धा तास कोणी काही विकलं नाही. सगळ्यांनी मिळून नंदिनीताईंना दम दिला की आजच्या आज घरी जाऊन शेगडीची नळी बदला. साडेतीन वर्षं मी समजत होते की मूल गावात अशी मी एकटीच आहे.

साठ बरण्या सोमवारी सकाळच्या चंद्रपूरच्या गाडीने गेल्या. चार दिवस घरात चालायला जागा नव्हती. घरभर चादरी आणि चादरींवर दाणे. साहेबांच्या हातात सूप दिलं होतं. पोत्याला हात लावायची त्यांना बंदी आहे. प्रत्येक घाण्याला मी दाणा चोळून बघत होते, बोटांची टोकं अजून हुळहुळतात. काल प्रफुल्लचा फोन आला. म्हणाला, "काकू, पोरं चमच्यानं नुसतं खाऊन राह्यले." पुढच्या महिन्याला ऐंशी हव्यात म्हणतो. मी हो म्हटलं. लेबलावर तुमचं नाव आहे, तेव्हा तुम्हीही हो म्हटलंत असं समजते.

नातीचं नाव चंचल ठेवल्याचं साक्षीने उमेराला मेसेजवर कळवलं. आजीवर गेली तर नाव खोटं ठरेल, एका जागी दोन तास बसून नाक हलवणारी बाई चंचल कशी म्हणायची.

बाई, मी या चार पत्रांची उजळणी केली. पहिल्यात मी तुम्हाला मिनिटं मागितली. दुसऱ्यातही तेच, फक्त गोड बोलून. तिसऱ्यात माफी मागितली ती मनापासून होती, पण तेव्हाही एका कोपऱ्यात साठ बरण्या होत्याच, हे तुमच्यापासून लपवून काय उपयोग. चौथ्यात तुमची अट. प्रत्येक वेळी मला तुमच्याकडून काहीतरी हवं होतं.

आज काही नको. दाणा मला भाजता येतो. ऐंशी बरण्याही होतील. तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही, आणि तरी सकाळी चहा झाला की मी भिंतीपाशी जाऊन उभी राहते आणि पलीकडे कुलूप बघून परत येते.

साक्षीला तुमची गरज आहे तोवर तिथेच राहा. चंचलला न्हाऊ-माखू घाला, तिला मान धरू द्या. मग या. काम काही नाही. नुसत्या या.

तुमची,
सलीमा